सातवीचं नाव

कालामा, ३ ऑगस्ट २०१४

प्रिय दादा,

परवा पहिल्या तारखेला तुम्ही सगळ्यांनी जमिनीला जेवू घातले असेल. मीही घातले. तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठली, म्हणून गॅलरीतल्या सर्वांत मोठ्या कुंडीत खड्डा केला आणि कोकाची पाने, भाजलेला मका आणि दोन घोट मक्याची आंबवलेली चिचा त्यात सोडली. शेजारणीने पलीकडून विचारले, "काय लावताय?" मी म्हणाले, "कांदे." खरे सांगायला काय हरकत होती, हे दोन दिवस स्वतःला विचारते आहे. बावीस वर्षे शहरात राहूनही मी अजून कांदेच सांगते.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला सरकारी पत्रकाचा अंक येतो. पाणी मागणाऱ्यांच्या नोटिसा त्यात असतात. या अंकात कंपनीची नोटीस आहे. तिलोमारच्या दक्षिणेला, सातुर्निना आत्याच्या जुन्या कोंडवाड्यामागच्या घळीत, त्यांना गोड्या पाण्याची खोल विहीर हवी आहे. मिठाच्या मैदानाखालचे खारे पाणी ते वीस वर्षे उपसत आहेतच. आता त्यातले लिथियम धुवायला गोडे पाणी कमी पडते म्हणे.

त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पुन्हा वाचली. ती, आपली सातवी, तिथेच आहे ना? बाबांच्या मागे मी घळीच्या आत जायला एकदाच निघाले होते आणि त्यांनी मला कोंडवाड्यापाशीच थांबवले होते.

हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. त्यातले शेवटचे दोन दिवस शनिवार-रविवार, म्हणजे एकोणतीस तारीख धरायची. हरकतीत लिहावे लागते की या जागी गावाचा झरा आहे, त्याचे नाव हे, आणि त्याचे पाणी अमुक शेतांना जाते. सही पाण्याच्या मुकादमाची, म्हणजे तुझी. सहा झऱ्यांची नावे सगळ्या गावाला तोंडपाठ आहेत. सातवीचे फक्त तुला ठाऊक आहे. ते द्यावे लागेल, दादा.

फोन करणार होते, पण तू टेकडीवर चढून बोलणार नाहीस हे माहीत आहे. तिबुर्सियोच्या ट्रकबरोबर पाठवते. उत्तर लगेच दे.

तुझी,
हर्मिनिया

*

तिलोमार, १० ऑगस्ट

हर्मे,

तुझं पत्र तिबुर्सियोने कांद्याच्या पोत्यात खुपसून आणलं, त्यामुळे तुझी ती शेजारीण वाचताना आठवत होती.

टेकडीवर मी जात नाही कारण टॉवर कंपनीच्या छावणीत, रेंज टेकडीवर, आणि तिथे उभं राहून बोललं की अख्ख्या खोऱ्याला कळतं. मागच्या वेळी मी तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानात बाई मला बसायला उशी देत होती.

नोटिशीचं आम्हाला कळलंय. कंपनीचे दोघे जण आले होते, एक बाई आणि एक तरुण इंजिनियर. समाजघरात पडद्यावर नकाशा दाखवला. इंजिनियर आत्याला म्हणाला, "आजी, पाणी तर सगळ्यांचंच असतं." आत्या म्हणाली, "मग तुझ्या बाटलीतलं दे की जरा, घसा सुकलाय." त्याने दिली बिचाऱ्याने. आत्याने सगळी संपवली आणि रिकामी बाटली त्याच्या हातात परत ठेवली.

आता तू घाबरू नकोस, कारण खरी गंमत पुढे आहे. त्या नकाशावर आपले सहाच्या सहा झरे होते, नावासकट, जागच्या जागी. घळ मात्र कोरी! एक ठिपकासुद्धा नाही. ती बाई म्हणाली, "आम्ही नीट अभ्यास केलाय, तिलोमारचे झरे एकूण सहा, आणि त्यातल्या एकालाही आम्ही हात लावणार नाही." मी मान खाली घालून हसत होतो. वीस वर्षं फिरतायत, गाड्या, यंत्रं, विमानातून फोटो, आणि ती सापडली नाही त्यांना. बाबा म्हणायचे, तिचं नाव कुणी घेत नाही म्हणून तिला कुणी नेत नाही. आज ते हवे होते.

तेव्हा नाव कागदावर कशाला? जे त्यांना ठाऊकच नाही, ते आपण होऊन का सांगायचं?

बाकी ठीक. लामांचा कळप खालच्या रानात आणलाय. घासही या वर्षी लवकर कापून टाकला. माझी येसेनिया छावणीच्या स्वयंपाकघरात रमली आहे, रविवारी येते तेव्हा साबणाचा वास घेऊन येते. पाण्याची काळजी करू नकोस, ते ठीक आहे.

दादा

*

कालामा, १४ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझे पत्र तीनदा वाचले. तू हसत होतास त्या जागी मला रडू आले. नकाशा कोरा आहे म्हणून ती वाचलेली नाही. कोरा आहे म्हणूनच त्यांनी ती घळ निवडली. जिथे झरा नाही तिथे विहीर खोदली तर कुणाचे काही बिघडत नाही, असे त्यांचे कागद म्हणतात.

आता जे सांगायचे ते मी पहिल्या पत्रातच सांगायला हवे होते. मला ते तेव्हाच ठाऊक होते.

कंपनीचा अभ्यास मी पूर्वीच इथे मागवून वाचला होता. पान एकशे बाराच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले आहे की झऱ्यांची यादी गावातल्याच एका विद्यार्थिनीच्या प्रबंधावरून घेतली. ती विद्यार्थिनी मी आहे. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला मी आपल्या पाटांवर लिहिले होते, तुला आठवत असेल. बाबांनी सहा नावे सांगितली आणि गप्प झाले. मी विचारले, "आणि ती?" ते म्हणाले, "तिचं ती सांगते. पाट साफ करताना ऐकत नाहीस का?"

मी ऐकलेच होते. पाटावरून चालत जाताना मुकादम एकेका झऱ्याचे नाव गाऊन घेतो, बायका ते परत म्हणतात, आणि सातव्या वेळी सगळे गप्प होतात. त्या गप्पपणात घळीतून तिचा आवाज येतो. तोच तिने स्वतःचे नाव सांगितल्यासारखा. मग मुकादम फावडे वाजवतो आणि गाणे पुढे सुरू होते.

मी तिचे नाव लिहिले नाही यात माझी चूक नव्हती, मला ते माहीतच नव्हते. पण मी लिहू शकले असते की सहा नावे सांगतात आणि एक सांगत नाहीत. तेवढे पुरले असते. मग प्राध्यापकांनी खोदून विचारले असते, आणि मला बाबांच्या आणि त्यांच्या मध्ये उभे राहायचे नव्हते. म्हणून मी लिहिले, "एकूण सहा." तेव्हा मला वाटले मी गावाचा मान राखला. त्या रात्रीच्या माझ्या वहीत तसे अभिमानाने लिहिलेले आहे. काल काढून वाचले. मान राखला की माझी सोय पाहिली, हे मला आज ठरवता येत नाही.

तू मला हवे ते बोल, पण एकोणतीस तारखेच्या आधी नाव दे.

आणि एक विचारते. घास तू दर वर्षी ऑक्टोबरात कापतोस. या वर्षी लवकर का कापलास?

हर्मिनिया

*

तिलोमार, १९ ऑगस्ट

हर्मिनिया,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीपाशी नेलं होतं. जाळलं नाही, एवढंच.

इतकी वर्षं तू सणावाराला येतेस, माझ्या घरी जेवतेस, बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवतेस, आणि हे पोटात ठेवून होतीस. शहाणे, दोन शब्द जास्त लिहायला तुझी शाई संपत होती काय?

नाव देणार नाही. तुला काय वाटतं, ते माझं आहे, दिलं तर दिलं? बाबांनी मला ते घळीतच सांगितलं, तोंड पाण्याजवळ नेऊन, म्हणजे माझ्याआधी तिला ऐकू गेलं. मीही पुढच्या मुकादमाला तसंच सांगायचं. ते एखाद्या कारकुनाच्या टेबलावर जाऊन पडणार? त्याच्या चहाच्या कपाखाली?

दादा

(पुढचं दुसऱ्या दिवशी)

कालचं पाठवणार होतो, पण तिबुर्सियोची गाडी बिघडली म्हणून राहिलं. सकाळी घळीत गेलो होतो.

घासाचं विचारलंस. घास सुकायला लागला होता म्हणून कापला. लामा खाली आणले ते वर पाणी पुरत नाही म्हणून.

तिच्या कुंडाच्या दगडावर बाबांनी तीन खाचा केल्या होत्या. मी मुकादम झालो तेव्हा पाणी वरच्या खाचेला होतं. चार वर्षांपूर्वी मधल्या खाचेला. आज खालच्या खाचेखाली चार बोटं आहे. मी कुणाला बोललो नाही. आत्याला नाही, येसेनियाला नाही. आपल्यात म्हणतात ना, पाणी हटलं की मुकादमाने काहीतरी केलेलं असतं. मी चार वर्षं आठवतोय की मी काय केलं. कंपनीने गावाला दिलेल्या पाण्याच्या टाक्यांच्या कागदावर सही केली, ते? पोरीला त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ दिलं, ते? एकदा पाट साफ करताना दारू जास्त झाली होती आणि मी एक नाव विसरलो होतो, ते?

त्यामुळे तुला फार बोलायचा मला हक्क नाही. पण नाव देववत नाही. ते सांगितलं आणि ती गेली तर?

दादा

*

कालामा, २३ ऑगस्ट

प्रिय दादा,

तू काही केलेले नाहीस. हे मी तुला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही, तशा लिहिण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. मैदानाच्या मधोमध दर सेकंदाला किती खारे पाणी उपसले जाते याचे तक्ते त्यांच्याच अभ्यासात आहेत. मध्ये उपसले की कडेचे गोडे पाणी तिकडे ओढले जाते. बशीतला चहा एका बाजूने भुरकला की दुसरी बाजूही उतरते, तसे. ज्या वर्षी तुझी मधली खाच उघडी पडली, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी उपसा दुप्पट केला आहे. त्या वर्षी तू दारू प्यायला असशील, तर सगळ्या गावासारखीच.

तू विचारतोस, नाव सांगितले आणि ती गेली तर. मला याचे उत्तर येत नाही. नाव न सांगताही ती चालली आहे, एवढे मला दिसते. तुझ्या जागी मी असते तर मलाही देववले नसते. तरीही मागते आहे.

वेगळ्या पाकिटात बंद करून दे. मी उघडणार नाही. हरकतीच्या अर्जात नावाची जागा मी रिकामी सोडली आहे, कार्यालयातच ती भरली जाईल. आत्याला विचार. बुधवारी तिबुर्सियो निघेल, त्यानंतर वेळ उरत नाही.

हर्मिनिया

*

तिलोमार, २६ ऑगस्ट

हर्मे,

सोबत पाकीट आहे. मेणाने बंद केलंय, मेणबत्ती चर्चमधली, पाद्र्याला सांगू नकोस.

आत्याकडे गेलो. ती लोकर कातत बसली होती. मी सगळं सांगितलं, तुझा प्रबंध, माझ्या खाचा, सगळं. ती कातत राहिली. मला वाटलं ऐकूच आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सुरू केलं.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "बहिरा तू झालायस. तुझ्या बापाने लपवलं, पोरीने लपवलं, तू लपवलंस. तिघांच्या लपवण्यात ती बिचारी एकटी पडली."

मी म्हटलं, "मग देऊ नाव?"

"मला काय विचारतोस? मुकादम मी आहे का? मला केलं असतं तर इतकी वर्षं गप्प बसले नसते. म्हणून तर बाईला करत नाहीत."

"आत्या, थट्टा नको."

तेव्हा ती कातायची थांबली. "द्यायचं तर तिला विचारून दे. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

सकाळी गेलो. कोका नेला, चिचा नेली, लामाची चरबी नेली. कुंडात तोंड घालून तिला सांगितलं की तुझं नाव एका अनोळखी माणसाला देतोय, तुझ्यासाठीच देतोय, रागावू नकोस. पाणी इतकं खाली गेलंय की मला पोटावर झोपावं लागलं. मग तिथेच, दगडावर कागद ठेवून लिहिलं. माझं अक्षर कसं आहे तुला ठाऊक आहे. चार वेळा लिहिलं, तीन कागद तिथेच पुरले.

उघडू नकोस.

दादा

*

कालामा, ३० ऑगस्ट

प्रिय दादा,

काल हरकत दाखल झाली. शिक्का बसला, पोच मिळाली, तिची प्रत सोबत आहे. नावाच्या जागी मी कागद चिकटवून मग प्रत काढली आहे.

पाकीट मी उघडले नाही. खिडकीवरच्या मुलीने उघडले. ती चांगली होती, घाईत नव्हती. तिने कागद उजेडाकडे धरला आणि मागच्या टेबलावरच्याला विचारले, "हे काय लिहिलंय रे, बघ ना," आणि ती वाचून दाखवणार तेवढ्यात मी दोन्ही कानांवर हात दाबले. रांगेतली माणसे माझ्याकडे पाहू लागली. त्या दोघांचे ओठ हलताना मला दिसत होते. त्यांनी ते तीन-चारदा म्हणून पाहिले. मग तिने ते संगणकात भरले आणि हसून मला खूण केली, झाले म्हणून.

बाहेर येऊन पायरीवर बसले. रांगेतल्या माणसांनाही आता ते ठाऊक होते. मला ऐकायचे नव्हते, की ऐकण्याची माझी लायकी नाही असे मला दाखवायचे होते? कुणाला दाखवायचे होते?

अठरा ऑक्टोबरला कार्यालयाचा तपासनीस गावात येईल. पाणी त्याच्या डोळ्यांना दिसले तर विहीर तिथे होणार नाही, असे त्या मुलीने सांगितले. खाचा दाखव. सगळ्या दाखव.

हर्मिनिया

*

तिलोमार, २८ सप्टेंबर

हर्मे,

दोन ओळीच लिहितोय. कंपनीने घळीच्या वरच्या अंगाला खोदाईचं गिरमिट उभं केलंय. मी हरकतीची पोच दाखवली. तो बाटलीवाला इंजिनियर म्हणाला, "ही विहीर नाही काका, ही नुसती चाचणी. चाचणीला परवानगी लागत नाही." खोटं वाटलं नाही, त्याला स्वतःलाच ते आवडलेलं दिसत नव्हतं. दिवसभर पंप चालतो. उपसलेलं पाणी वाळूवर सोडून देतात.

त्या कार्यालयात जाऊन विचार. लवकर विचार.

दादा

*

कालामा, ३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

विचारले. तीन दिवस विचारत होते. चाचणीला खरोखरच परवानगी लागत नाही. तपासणीची तारीख अलीकडे घ्या म्हणून अर्ज दिला आहे. त्यावर उत्तर यायला पंधरा दिवस लागतात, म्हणजे उत्तर तपासनिसाबरोबरच येईल.

कुंडात पाणी किती आहे ते लिही. खरे लिही.

हर्मिनिया

*

तिलोमार, २२ ऑक्टोबर

हर्मे,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहायचं तर खरं लिही म्हणालीस.

तपासनीस अठराला आला, ठरल्याप्रमाणे. सज्जन माणूस. बूट काढून घळीत उतरला, मी सांगितलं नव्हतं तरी. मी कुंड दाखवलं, खाचा दाखवल्या. त्याने कुंडात हात घातला, तळाची माती बोटांत चोळली, वास घेतला. "ओल आहे," म्हणाला. मग फॉर्म काढला. त्याच्या फॉर्मात ओलीला रकाना नाही. पाणी आहे किंवा नाही, एवढंच. त्याने लिहिलेलं मला वाचून दाखवलं. तिचं पूर्ण नाव, अगदी बरोबर, आणि पुढे "कोरडी जागा". नाव घेताना त्याचा आवाज बाबांसारखा खाली गेला. का कोण जाणे.

परवा पाट साफ केला. पस्तीस-चाळीस माणसं होती, येसेनियानेही सुट्टी काढली होती. फावडी, गाणं, सगळं दर वर्षीसारखं. मी सहा नावं घेतली, बायकांनी सहा नावं परत म्हटली. मग घळीच्या तोंडाशी आलो आणि सगळे गप्प झाले.

तुला माहीत आहे, गाणं पुढे न्यायची खूण तिच्याकडून येते. तिचा आवाज आला की मी फावडं वाजवतो. आम्ही उभे राहिलो. वरून पंपाची घरघर येत होती, दुसरं काही नाही. कुणी खोकलं. म्हातारी माणसं माझ्याकडे बघत नव्हती, तरुण बघत होती. फावडं हातात जड झालं होतं. वाजवलं तर ती बोलली असं खोटंच सांगितल्यासारखं होतं. आणि न वाजवता परत फिरलो तर पाट अर्धाच राहतो, तसं कधी झालं नाही.

आत्या माझ्या मागे होती. हळूच म्हणाली, "कारकुनाला ठाऊक, कंपनीला ठाऊक. आम्हीच तेवढे परके का रे?"

मग मी तिचं नाव घेतलं. मोठ्याने, गाऊन, बाकीच्या सहांसारखं.

कुणीच परत म्हटलं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग आत्याने म्हटलं, तिच्या त्या फाटक्या आवाजात, आणि तिच्यामागून येसेनियाने, आणि मग सगळ्यांनी. मी फावडं वाजवलं. पाट पूर्ण झाला. जेवणं झाली.

येताना मी एकटाच मागे राहिलो आणि आयपुरपाशी थांबलो. आपला पाचवा झरा, ज्यात तू लहानपणी पडली होतीस आणि बाबांनी वेणीला धरून काढलं होतं. त्यात हात घातला. पाणी मनगटापर्यंत आलं. गेल्या वर्षी कोपरापर्यंत होतं.

हे गावात कुणालाही सांगितलेलं नाही. उद्या आत्याला आणि मग समाजघरात सांगणार आहे. तुला आधी लिहितोय, कारण तू लिहून ठेवशील. तारीख घाल, मनगट लिही, कोपर लिही. आणि सातवीचं नाव या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. ते वाच. कानांवर हात ठेवू नकोस.

दादा